लष्करी दुग्धशाळा बंद झाल्या, कामगारांचे काय झाले?

एखादी संस्था बंद होते तेव्हा तिच्या जमिनीची, इमारतींची व यंत्रांची नोंद होते. कामगारांची नोंद कितपत होते, हे इतिहासाच्या अभ्यासकाने पाहिले पाहिजे. भारतीय सेनेला दूध पुरविणाऱ्या ‘मिलिटरी फार्म’चे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे.

छावण्यांतील सैनिकांना शुद्ध दूध मिळावे म्हणून ब्रिटिशांनी १ फेब्रुवारी १८८९ रोजी अलाहाबाद येथे पहिला फार्म सुरू केला. स्वातंत्र्यानंतर देशात असे १३० फार्म होते व त्यांत सुमारे ३०,००० जनावरे होती. पुण्याजवळ पिंपरीलाही असा फार्म होता. पुढे सहकारी दूधसंघ वाढले आणि बाजारात दूध सहज मिळू लागले. शेकटकर समितीच्या शिफारशींनंतर, ऑगस्ट २०१७ मध्ये, ३९ फार्म बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. ३१ मार्च २०२१ रोजी हा विभागच विसर्जित झाला. गायी शासकीय विभागांना व दूधसंघांना नाममात्र किमतीत देण्यात आल्या. अधिकारी व कर्मचारी संरक्षण मंत्रालयातच अन्यत्र सामावून घेतले गेले.

नोकऱ्या टिकल्या, ही समाधानाची गोष्ट. परंतु समायोजन होते ते मंजूर पदावरील माणसाचे. कोणत्याही आस्थापनेतील रोजंदारी मजुराला असे पद नसते. काम थांबले की त्याचा संबंध संपतो.

दुसऱ्या महायुद्धात असंख्य हातांना युद्धसामग्रीचे कारखाने व डेपो यांत काम मिळाले होते. युद्ध संपताच ते सुटणार होते. त्या वेळी, १९४२ ते १९४६ या काळात, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४५ मध्ये त्यांच्याच खात्यात पुनर्वसन व सेवायोजनाचे महासंचालनालय स्थापन झाले. पुढे १९५३ च्या दुरुस्तीने कामगार कपातीत नोकरी गमावणाऱ्यास, सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई ठरली. अट एकच होती : किमान एक वर्षाची सलग सेवा सिद्ध झाली पाहिजे.

हा पुरावाच गरीब कामगाराजवळ नसतो. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत वा अन्यत्र कंत्राटी कामावर असलेल्या आपल्या पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी म्हणून नेमणूकपत्र, वेतनचिठ्ठी, हजेरीची नोंद व भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक मागून घ्यावा आणि जपून ठेवावा. शिक्षणाने आपल्याला वाचता येऊ लागले आहे. आपल्या हक्काचा कागद आधी वाचावा.