सुजलेला गुडघा आणि फुलांची दरी

प्रश्न : जिन्यावर पाय मुरगळून गुडघा सुजलाय. तीन आठवड्यांनी व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जायचंय. जाऊ का?

उत्तर : सूज कधी आली, हे आधी आठवा. दोन-तीन तासांतच गुडघा टम्म झाला असेल, अडकत असेल किंवा भार पेलत नसेल, तर आजच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. आत लिगामेंट फाटलेलं असू शकतं. तसं नसेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ 15 मिनिटं, क्रेप बँडेज, पाय उशीवर. तेलमालिश आणि शेक सध्या नकोच. सुजेमुळे मांडीचा स्नायू ढिला पडतो, म्हणून पाय सरळ ठेवून मांडी आवळण्याचा व्यायाम रोज करा. खरी परीक्षा उताराची. निघण्याआधी दुखल्याशिवाय जिना उतरता आला तर जा, दोन काठ्या घेऊन. दरीजवळच्या हेमकुंडची खडी वाट मात्र यंदा सोडा. वेदनाशामक गोळीच्या जोरावर चालणं मला अजिबात मान्य नाही.