पेत्राची चाळणी
पाठ : लूक २२:३१–६२; योहान २१:१५–१७; १ पेत्र ५:५–११

संकट व मोह हे दोन निराळे शत्रू आहेत असे आपण बहुधा समजतो. परंतु नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत ह्या दोहोंसाठी एकच शब्द आहे. आणि अनुभवही तसाच आहे. मूल तापाने फणफणले, हे संकट. त्याच रात्री सोयरेधायरे म्हणू लागतात, "एवढा एक गंडा बांधा, कोणास कळणार आहे?" हा मोह. दोन्ही एकाच दाराने आत येतात. अशा वेळी मनुष्य का पडतो व कशाने पुन्हा उभा राहतो, हे आपण पेत्रापासून शिकू.

१. पेत्र का पडला?

सैतान तुम्हांस गव्हासारखे चाळावयास पाहत आहे, असे प्रभूने शेवटच्या भोजनाच्या रात्री स्पष्ट सांगितले. पेत्राने उत्तर दिले ते असे की, बाकीचे सर्व अडखळले तरी मी अडखळणार नाही. तो लबाड नव्हता. बागेत हत्यारबंद टोळीपुढे त्याने एकट्याने तरवार उपसली. पण थोड्याच वेळाने, प्रमुख याजकाच्या वाड्यात शेकोटीपाशी, एका दासीच्या शब्दाने तो ढासळला. त्याच्या अंगी धैर्य नव्हते असे नाही. त्याचा भरवसा त्या धैर्यावर होता, हेच चुकले. जागे राहून प्रार्थना करा, असे सांगितले असता तो झोपी गेला. दुःखाने डोळे जड झाले होते हे खरे. तथापि आपले बळ पुरेल असे ज्यास वाटते, त्यास मागण्याची निकड भासत नाही.

२. चाळणीने काय गेले?

आपण शेतकरी लोक जाणतो की, चाळल्याने माती व बारीक कचरा गळून पडतो. दाणा चाळणीत राहतो. पेत्रावरची चाळणी टळावी, अशी प्रार्थना प्रभूने केली नाही; त्याचा विश्वास ढळू नये, अशी केली. पेत्राचा अभिमान गळून पडला, विश्वास राहिला. पुढे समुद्रकाठी प्रभूने त्यास विचारले की, तू ह्यांच्यापेक्षा माझ्यावर अधिक प्रीती करितोस काय? आता पेत्राने आपली इतरांशी तुलना केली नाही. प्रभू, तुला सर्व ठाऊक आहे, एवढ्यावरच त्याने आपली साक्ष ठेविली. नम्रता ती हीच.

३. ओझे टाकणे

हाच पेत्र आपल्या पहिल्या पत्रात लिहितो की, देवाच्या पराक्रमी हाताखाली लीन व्हा व आपली सारी चिंता त्याच्यावर टाका. ग्रीक भाषेत हे एकच वाक्य आहे. म्हणजे चिंता टाकणे हे लीन होण्याचेच एक अंग होय. डोक्यावरचा जड भारा उतरविण्यास दुसऱ्याचा हात लागतो. "जरा हात लावा" म्हणावयास जो लाजतो, तो भाऱ्याखालीच दबतो. "माझे मी पाहून घेईन" असे म्हणत चिंता कवटाळून बसणे, हाही गर्वच आहे. आणि लागलीच पेत्र सावध राहावयास सांगतो. भरवसा म्हणजे झोप नव्हे, हे त्या बागेत झोपलेल्या मनुष्यापेक्षा अधिक कोण जाणेल?

४. आपल्या देशातील एक उदाहरण

पंडिता रमाबाईंस १८७८ साली कलकत्त्यात 'पंडिता' व 'सरस्वती' हे मान मिळाले. तत्पूर्वीच दुष्काळाने त्यांचे आईबाप हिरावले होते. १८८० साली बंधू व १८८२ साली पती गेले. पुढे केडगावी मुक्तिसदनाचे काम उभे राहिले. त्यात कन्या मनोरमा त्यांचा उजवा हात होती. तीही १९२१ साली गेली. तरी बायबलाच्या मराठी भाषांतराचे काम रमाबाईंनी सोडिले नाही. १९२२ सालच्या एप्रिलात देवाघरी जाईपर्यंत त्या त्यात गढल्या होत्या. एवढी विद्या असून त्यांनी विद्येवर भिस्त ठेविली नाही.

५. मंडळीसाठी बोध

उपदेशक बंधूंनो, हा पाठ प्रथम आम्हां शिकविणाऱ्यांसाठी आहे. एखाद्या भावाने मुलाच्या दुखण्यात गंडा बांधिला असे ऐकताच, "मी असतो तर असे केले नसते" हे शब्द आमच्या ओठांवर येतात. हे तर पेत्राचेच त्या रात्रीचे शब्द! प्रभूने पेत्रास सांगितले होते की, तू वळलास म्हणजे आपल्या भावांस स्थिर कर. म्हणून अशा भावाचा दोष मंडळीपुढे मांडण्याआधी त्याच्या घरी जावे, आजारी मुलाच्या उशाशी बसावे, त्याच्याबरोबर प्रार्थना करावी. मग गंड्याविषयी बोलावे. चूक ती चूकच. पण पडलेल्यास उठविणारा हात, आपणही पडलो होतो हे विसरणारा नसावा.

मननासाठी प्रश्न

१. आपला भरवसा कोणत्या स्वतःच्या गुणावर आहे?
२. देवावर टाकावयाची कोणती चिंता आपण अजून डोक्यावर वाहत आहो?
३. ह्या आठवड्यात कोणत्या खचलेल्या भावाच्या किंवा बहिणीच्या घरी आपण जाणार?