रात्रपाळी

बावीस वर्षं मी नगरच्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. रात्रपाळ्या किती केल्या त्याची मोजदाद नाही. पण तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात, स्वतःच्या घरी, स्वतःच्या अंथरुणावर ज्या रात्री जागून काढल्या, त्या कुठल्याही ड्यूटीपेक्षा जड गेल्या. तसं कुणाचं होऊ नये म्हणून लिहिते आहे.

थोरल्याची पुण्यातली नोकरी गेली होती. फ्लॅटचा हप्ता २३ हजार, तारीख पाच. काही दिवसांनी त्याने फोन उचलणंच बंद केलं. मग रात्री अडीचला मोबाईल उघडायचा आणि व्हॉट्सॲपवर त्याचं ‘लास्ट सीन’ बघायचं. १.५० दिसलं की जीव भांड्यात पडायचा, पोरगा आहे. दहा मिनिटांनी पुन्हा बघायचं.

त्याच सुमारास आमच्या घरगुती प्रार्थनासभेला बाहेरगावचे एक वक्ते आले. चिंता म्हणजे अविश्वास आणि गोळ्या-औषधं म्हणजे त्या अविश्वासाची कबुली, असं त्यांनी ठासून सांगितलं. मी उठले आणि साक्ष दिली, की प्रभूने माझी सगळी चिंता काढून घेतली आहे. सगळ्यांनी ‘हालेलूया’ म्हटलं. खाली बसले तेव्हा मांडीवरचं पवित्र शास्त्र थरथरत होतं.

ती साक्ष खोटी होती. कुणाला फसवायचं म्हणून दिली नव्हती. म्हणत राहिलं की खरं होईल, असं वाटलं होतं. पण त्या दिवसापासून माझ्यासाठी प्रार्थना करा, असं म्हणायला मला तोंडच उरलं नाही. जिची चिंता गेली तिने काय मागायचं? उपासनेला जायचे, गाणी म्हणायचे, सगळ्यांना ‘जय ख्रिस्त’ करून घरी यायचे आणि दार लावून रडायचे. बीपीची गोळीही सोडली. जन्मभर दुसऱ्यांच्या उशाशी उभी राहून ‘मावशी, गोळी चुकवायची नाही हं’ म्हणणारी मी!

त्या साक्षीनंतर पाचव्या आठवड्यात एका आजोबांच्या इन्सुलिनचा आकडा मी चुकीचा वाचला. १०च्या जागी १६ भरले. शेजारच्या सिस्टरने माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, “ताई, केसपेपर बघा.” आजोबांना काही झालं नाही. मला मात्र तिथेच घेरी आली. बीपी २१०/१२० निघालं. आपल्या खोट्या शांतीची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजली असती, हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

त्यानंतर चौथ्या दिवशी आमच्या पाळकबाई वरण-भाताचा डबा घेऊन घरी आल्या. आधी जेवू घातलं, मग शास्त्र उघडलं. मला वाटलं, फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय वाचणार, चिंता करू नका म्हणून. त्यांनी दुसरा काढला. पौल कैदेत आहे. फिलिप्पैच्या मंडळीने त्याच्या मदतीला पाठवलेला एपफ्रदीत मरणाच्या दारातून परत आला आहे. पौल त्याला माघारी पाठवतो आणि लिहितो, की तुम्हाला तो दिसला म्हणजे माझंही दुःख हलकं होईल.

“सिस्टर,” बाई म्हणाल्या, “चौथ्या अध्यायात चिंता करू नका म्हणणारा माणूस दुसऱ्या अध्यायात स्वतःच्या जिवाची घालमेल सांगतोय. एकाच पत्रात. तुम्हीच का लपवता?”

ते पत्र मी संडेस्कूलपासून वाचत आले होते. हे कधी दिसलंच नव्हतं.

तेव्हापासून मी वेगळं वाचायला लागले, आणि त्यातलं काही तुमच्याही उपयोगी पडेल. चौथ्या अध्यायात पौल चिंता गिळायला सांगत नाही, देवाला कळवायला सांगतो. कळवायचं म्हणजे नावानिशी. ‘प्रभू, सगळं बरं कर’ ही माझी जुनी प्रार्थना. त्यात काहीच कळवलेलं नसायचं. मग म्हणू लागले, ‘२३ हजार, पाच तारीख, खात्यात ९ हजार आहेत, आणि तो माझ्याशी बोलत नाही.’ बोलताना गळा दाटायचा, पण छातीवरचा दगड जागचा हलायचा. त्याच ओळीत पौल आभारही मानायला सांगतो. सुरुवातीला ते मला जमेचना. मग त्या सिस्टरने धरलेल्या हातासाठी आभार मानले, आणि तिथून वाट सुटली.

आणि एका तरी माणसाला खरं सांगा. साक्षीची घाई करू नका. कुणी चिंतेत असेल तर त्याला वचन फेकून मारू नका, डबा घेऊन जा. एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवाच्या दूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं. औषधाचंही तसंच. पौलाच्या सोबतीला लूक होता, तो वैद्य होता. पोटाच्या दुखण्यासाठी काय घ्यावं हे पौल तीमथ्याला पत्रातून कळवतो. बीपीची गोळी घ्या, झोप उडाली असेल तर डॉक्टरांकडे जा, जीव नकोसा वाटत असेल तर १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर आत्ता बोला. यात विश्वास कुठेही उणा पडत नाही.

शांती मिळते का? मिळते. पण मी समजत होते तशी नव्हे. देवाची शांती तुमच्या मनाचं रक्षण करील, असं पौल लिहितो तेव्हा त्याचा मूळ शब्द शिपायांच्या पहाऱ्याचा आहे. फिलिप्पै ही निवृत्त रोमन सैनिकांची वसाहत. पहारा म्हणजे काय हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. पहारा बसला म्हणून वेशीबाहेरचा शत्रू नाहीसा होत नाही. पण आतले झोपू शकतात.

हे मला वॉर्डात रोज दिसतं. रात्री दहाला दिवे मंद केले की कुणीतरी हमखास विचारतं, “सिस्टर, तुम्ही आहात ना रात्रभर?” आहे म्हटलं की कूस बदलून झोपतात. ताप उतरलेला नसतो, रिपोर्ट यायचा असतो.

मुलाला सात महिन्यांनी नोकरी लागली, कमी पगाराची. फ्लॅट विकावा लागला. आता दर रविवारी उपासनेनंतर त्याचा फोन येतो. माझा मोबाईल रात्री स्वयंपाकघरात, ओट्यावर चार्जिंगला असतो. तरी कधीकधी अडीचला जाग येतेच. तेव्हा अंधारात मी तेवढंच विचारते, ‘प्रभू, तू आहेस ना रात्रभर?’ आणि कूस बदलते.