रांजणवाडी : धीर आणि दक्षता

पापणीच्या कडेला लाल, ठणकणारी पुळी आली म्हणजे तिला रांजणवाडी म्हणतात. "आठ दिवसांत जाईल," असें वडीलधारीं माणसें सांगतात, आणि बहुधा तें खरेंही ठरतें. परंतु तोंवर काय करावें आणि धीर कोठें सोडावा, हें प्रत्येकाला ठाऊक असलें पाहिजे.

पापणीच्या कडेला सूक्ष्म तैलपिंड असतात. एखाद्या पिंडाचें तोंड बुजून त्यांत जंतु वाढले कीं पू धरतो. हे जंतु बहुधा स्टॅफिलोकॉकस जातीचे असतात. अलेक्झांडर ऑग्स्टन ह्या स्कॉटिश शस्त्रवैद्यानें १८८० सालीं पुवांतील ह्या जंतूंची माहिती जगापुढें मांडली. ते निरोगी माणसाच्या नाकांत व त्वचेवरही राहतात आणि हातावाटे डोळ्यापर्यंत पोंचतात. आपल्या कर्जत-खालापुरांत भातलावणीच्या चिखलाचे किंवा वीटभट्टीच्या धुळीचे हात डोळ्यास सहज लागतात; म्हणून पहिला उपाय साबणानें हात धुणें हाच होय.

दुसरा उपाय शेक. ऊन पाण्यांत स्वच्छ फडकें पिळून, तें पोळत नाहीं हें मनगटावर पाहून, मिटल्या पापणीवर १० मिनिटें ठेवावें. असें दिवसांतून ३-४ वेळां करावें. उबेनें तोंड मोकळें होऊन पू आपोआप वाहून जातो. पुळी पिळूं नये, सुईनें टोचूं नये. लवंग, लसूण, चुना लावूं नये. दुसऱ्याचे उरलेले औषधी थेंब घालूं नयेत. बरें वाटेपर्यंत काजळ वर्ज्य करावें व पंचा वेगळा ठेवावा.

दोन दिवस शेकूनही दुखणें वाढलें, किंवा दोन आठवड्यांत पुळी बसली नाहीं, तर डॉक्टरांस दाखवावें. वारंवार रांजणवाडी होणाऱ्या मोठ्या माणसानें रक्तांतील साखरही तपासून घ्यावी. परंतु सबंध पापणी किंवा गाल सुजला, ताप आला, अंधुक दिसूं लागलें, डोळा हलवितांना दुखला अथवा पुढें आल्यासारखा दिसला, तर त्याच दिवशीं कर्जत, चौक वा पनवेल येथील रुग्णालय गांठावें. अशा वेळीं जंतु डोळ्याच्या खोबणींत पसरलेले असण्याचा संभव असतो, आणि त्यानें दृष्टि जाऊं शकते.

पालकांनीं "लावणी उरकूं दे, मग जाऊं" असें म्हणूं नये. साध्या पुळीला धीर पुरतो. वरील लक्षणांना मात्र एक रात्रही देऊं नये.