कोळशाची करामत

उर्दूत ज्याला तुम्ही कोयला म्हणता, त्यालाच मराठीत कोळसा म्हणतात. शब्द जवळचे आहेत आणि वस्तूही ओळखीची आहे. पण कोळसा एकाच प्रकारचा नसतो. एक झाडापासून माणूस तयार करतो. दुसरा जमिनीच्या पोटात तयार होतो. पहिल्याला काही तास किंवा काही दिवस पुरतात, दुसऱ्याला कोट्यवधी वर्षे लागतात.

चला, आधी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवणला जाऊ. तेथे घराघरांत नारळ फुटतो. खोबरे काढून घेतले की करवंटी उरते. ती कोणी फेकून देत नाही. करवंट्या लोखंडी पिंपात भरून पेटवतात. त्या चांगल्या पेटल्या की झाकण लावून हवा बंद करतात. हवा मिळाली असती तर करवंटीची राख झाली असती. हवा नसल्यामुळे तिच्यातील पाणी आणि धूर निघून जातो व कार्बन मागे राहतो. हाच करवंटीचा कोळसा. तीन-चार किलो करवंट्यांपासून साधारण एक किलो कोळसा मिळतो.

हा कोळसा कोणकोणत्या कामी येतो? धोबी तो इस्त्रीत भरतो. सोनार त्यावर सोने तापवतो. लोहार भात्याने वारा घालून निखारे लालभडक करतो. पूर्वी गल्लीत कल्हईवाला येई. तोही जमिनीत छोटा खड्डा करून कोळसाच पेटवी. (कल्हई म्हणजे तुमच्या उर्दूतील कलई.) आणि मालवणी घरात पावसाळ्यात खारा बांगडा निखाऱ्यावर भाजला जातो, तेव्हा त्याचा वास शेजारच्या वाडीपर्यंत पोहोचतो!

पण एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही ठेवू नका. अपुऱ्या हवेत जळताना कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वासही नाही. तो रक्तात मिसळला की शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. आधी डोके दुखते, झोप येते आणि झोपलेला माणूस पुन्हा उठत नाही. थंडीच्या दिवसांत शेगडी आत घेऊन दारे-खिडक्या लावून झोपलेली माणसे अशीच दगावतात. धूर दिसत नाही, म्हणून धोका नाही, असे समजू नये.

आता जमिनीतला कोळसा. सुमारे 25 ते 30 कोटी वर्षांपूर्वी दलदलीतील जंगले चिखलाखाली गाडली गेली. वरचा दाब आणि आतील उष्णता यांमुळे त्या झाडांचा दगडी कोळसा झाला. भारतात 1774 साली बंगालमधील राणीगंज येथे त्याच्या खाणकामास सुरुवात झाली. महाराष्ट्रात तो चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर जिल्ह्यांत सापडतो. कोकणच्या किनाऱ्यावर जांभ्या दगडाखाली लिग्नाइट या कच्च्या कोळशाचे पातळ थर आहेत. पण त्यांवर मोठ्या खाणी चालत नाहीत.

तरीही दगडी कोळसा मालवणला आला, तो समुद्रातून! मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या आगबोटी मालवण आणि वेंगुर्ले येथे थांबत. ‘आगबोट’ हा शब्दच पाहा : आगीवर चालणारी बोट. कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची आणि वाफेने बोट हाकायची. बोटीच्या पोटात भट्टीसमोर उभे राहून माणसे दिवसरात्र फावड्याने कोळसा ओतत. वर डेकवर सारंग आणि खलाशी असत. त्यांत कोकणातील पुष्कळ मुसलमान तरुण होते. कदाचित तुमच्यापैकी एखाद्याचे पणजोबाही त्यांत असतील.

दगडी कोळसा हवेशिवाय खूप तापवला की ‘कोक’ तयार होतो. लोखंडाच्या कारखान्याचे त्याच्यावाचून चालत नाही. लोहखनिजात लोखंड ऑक्सिजनला बांधलेले असते. भट्टीत कोकपासून बनलेला वायू तो ऑक्सिजन ओढून घेतो आणि लोखंड मोकळे होऊन वाहू लागते. वेंगुर्ले तालुक्यातील रेडी येथे लोहखनिजाच्या खाणी आहेत. तेथे 1990 च्या दशकात असा भट्टीचा कारखानाही उभा राहिला. म्हणजे खनिज गावचे आणि कोक मात्र बाहेरचा!

कोक करताना जे डांबर निघते, तेही वाया जात नाही. कपाटात ठेवायच्या डांबरगोळ्या त्यापासूनच बनत आल्या आहेत. 1856 साली विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज मुलाने डांबरातून मिळणाऱ्या पदार्थापासून जांभळा रंग तयार केला. काळ्या डांबरातून असा सुंदर रंग निघेल, असे आधी कोणाला वाटले असते का?

आज सर्वांत जास्त कोळसा वीज तयार करण्यासाठी जळतो. चंद्रपूरच्या वीज केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट आहे. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग 1998 साली सुरू झाला, तेव्हा गाड्या डिझेलवर धावत होत्या. 2022 साली त्या मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाले. कुडाळहून निघालेल्या गाडीत आता धूर नाही, पण तारेतून येणाऱ्या विजेचा मोठा भाग कुठेतरी कोळसा जाळूनच तयार होतो.

त्या जळण्याचा परिणाम समुद्रापर्यंत पोहोचतो. कोळशातून निघणारा कार्बन डायऑक्साइड पृथ्वीभोवती उष्णता अडवून ठेवतो. समुद्र तापतो. पाणी फार तापले की प्रवाळ पांढरे पडतात. मालवणच्या किनाऱ्याजवळ 1987 साली सागरी अभयारण्य जाहीर झाले. तेथील प्रवाळही पांढरे पडल्याचे शास्त्रज्ञांना आढळले आहे. प्रवाळांच्या आधाराने मासे वाढतात आणि माशांवर कोळ्यांचे व गाबितांचे घर चालते.

करवंटीच्या कोळशाची आणखी एक करामत सांगायची राहिली. तो वाफेत पुन्हा खूप तापवला की त्याला असंख्य बारीक छिद्रे पडतात. त्या छिद्रांत पाण्यातील वास आणि रंग अडकतात. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांतही असा कोळसा भरला होता. घरी किंवा शाळेत पाणी शुद्ध करण्याचे यंत्र असेल, तर त्याची जुनी नळी बदलताना ती उघडून पाहा. आत बारीक काळे दाणे दिसतील. पुष्कळदा ते करवंटीचेच असतात.