निखाऱ्यावर भाजलेले द्राक्ष-पनीर

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत द्राक्षबाग व दुभती जनावरे एकाच घरी असणे नवलाचे नाही. काढणीच्या वेळी घडावरून सुटलेल्या मण्यांना घडासारखा भाव मिळत नाही. असे ताजे, न फुटलेले मणी व घरचे दूध यांपासून जेवणापूर्वी पाहुण्यांस देण्याजोगा रुचकर पदार्थ करता येतो.

कृती : म्हशीचे १ लिटर दूध उकळून खाली उतरवावे. २-३ मिनिटांनी कोमट पाण्यात मिसळलेला लिंबाचा रस ढवळीत हळूहळू घालावा. निवळी हिरवट दिसताच थांबावे. चोथा स्वच्छ फडक्यात बांधून अर्धा तास वजनाखाली ठेवावा. सुमारे २०० ग्रॅम पनीर मिळते. ते मीठ व मिरपूड घालून मळावे आणि तूप लावलेल्या पसरट भांड्यात थापावे. धुऊन कोरडे केलेले मणी अर्धे चिरून, चिरलेली बाजू वर ठेवून, त्यावर बसवावेत. झाकणावर अधिक व खाली थोडे निखारे ठेवावेत. कडा तांबूस होताच उतरवून वड्या पाडाव्यात व गरम वाढाव्यात.

आम्लाने साकळलेले पनीर चीजसारखे वितळत नाही. त्यामुळे वडी आकार धरते. पनीरात पाणी राहिल्यास मात्र ती मोडते. निवळी फेकू नये. तीत भाकरीचे पीठ भिजवावे.

खबरदारी : फवारणीनंतर काढणीपूर्वी पाळावयाची मुदत संपली नसेल, तर मणी मुळीच वापरू नयेत. धुण्याने औषधाचा सर्व अंश जात नाही. प्रात्यक्षिक दाखविताना ग्रामकार्यकर्त्यांनी ही गोष्ट प्रथम सांगावी.