दैव आणि प्रयत्न

उद्दिष्टे
हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• दैववादाचा अर्थ सांगता येईल.
• दैववाद आणि कर्मसिद्धान्त यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• दैववादाचे जीवनावरील परिणाम लिहिता येतील.

मूळ पाठ

पीक बुडाले, परीक्षेत अपयश आले, घरात आजारपण आले, की ‘नशिबात होते ते झाले’ असे म्हटले जाते. ‘दैव’ हा शब्द ‘देव’ या शब्दापासून बनला आहे. देवाकडून आलेले ते दैव. आयुष्यात जे घडते ते आधीच ठरलेले असते आणि माणसाच्या प्रयत्नाने त्यात बदल होत नाही, या समजुतीला दैववाद म्हणतात.

भारतात या विचाराची मांडणी सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी झाली. गौतम बुद्ध व वर्धमान महावीर यांचा समकालीन मक्खली गोशाल हा आजीवक पंथाचा आचार्य होता. त्याच्या मते सर्व जीव नियतीच्या अधीन आहेत. फेकलेला सुताचा गुंडा सूत संपेपर्यंत उलगडत जातो. त्याप्रमाणे मूर्ख आणि शहाणा दोघेही ठरलेले जन्मफेरे पूर्ण करूनच दुःखातून सुटतात. आजीवकांचे ग्रंथ आज उपलब्ध नाहीत. त्यांचे विचार मुख्यतः बौद्ध व जैन ग्रंथांतून कळतात. सम्राट अशोकाने बिहारमधील बराबर टेकड्यांतील लेणी त्यांना दान दिल्याचे तेथील शिलालेख सांगतात.

कर्मसिद्धान्त आणि दैववाद एकच आहेत, असा अनेकांचा समज असतो. कर्मसिद्धान्तात कृतीला महत्त्व आहे. आजचे आचरण उद्याचे फळ घडवते. गोशालाच्या नियतिवादात मात्र सत्कर्म किंवा दुष्कर्म यांमुळे काहीच बदलत नाही.

‘उपासकदशा’ या जैन ग्रंथात सद्दालपुत्त नावाच्या आजीवक कुंभाराची कथा आहे. मडकी प्रयत्नाने बनतात की प्रयत्नावाचून, असे महावीरांनी त्याला विचारले. सारे काही नियत असल्यामुळे ती प्रयत्नावाचून बनतात, असे तो म्हणाला. तेव्हा महावीरांनी विचारले, की एखाद्याने ही मडकी चोरली किंवा फोडली तर तू काय करशील? आपण त्याला शिक्षा करू, असे उत्तर कुंभाराने दिले. परंतु सारे नियत असेल, तर चोराचा दोष कोणता? आपल्या बोलण्यातील विसंगती कुंभाराला उमगली. दैव मानणारा माणूसही व्यवहारात इतरांना त्यांच्या कृत्यांबद्दल जबाबदार धरतो, हे ही कथा दाखवते.

दैववादाची किंमत कधी कधी प्राणांनी मोजावी लागते. एका प्राणघातक रोगाला मराठीत ‘देवी’ असेच नाव पडले. हा रोग देवीचा कोप आहे, अशा समजुतीमुळे अनेकांनी लस टोचून घेण्याचे टाळले. तरीही लसीकरणाचे काम चालू राहिले. १९७५ नंतर भारतात या रोगाची लागण झाली नाही आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. अटळ मानलेले संकट माणसाच्या प्रयत्नाने टळले.

जन्म कोठे व्हावा, पाऊस केव्हा पडावा, हे माणसाच्या हाती नसते. आप्ताच्या मृत्यूनंतर दैवाचे नाव घेतल्याने दुःखी मनाला धीरही मिळतो. परंतु घडून गेलेल्या गोष्टीचे सांत्वन करणारा हाच शब्द पुढच्या कामाच्या आड आला, तर तो घातक ठरतो. ‘आमच्या नशिबात शिक्षण नव्हते’ असे म्हणणारी व्यक्ती प्रौढपणी पुन्हा पुस्तक हाती घेते, तेव्हा ते वाक्य तिने स्वतःच खोडलेले असते.

शब्दार्थ
नियती – आधीच ठरलेला घटनाक्रम
अधीन – ताब्यात असलेला
विसंगती – मेळ नसणे
अटळ – न टळणारे

स्वाध्याय
१. दैववाद म्हणजे काय?
२. सुताच्या गुंड्याचा दृष्टान्त काय सुचवतो?
३. सद्दालपुत्ताच्या उत्तरांतील विसंगती स्पष्ट करा.
४. तुमच्या परिसरात ‘नशीब’ म्हणून सोडून दिलेली, पण प्रयत्नाने बदलता येईल अशी एक गोष्ट आठ ओळींत लिहा.